ड्रायव्हरने चिपांची नावं पाठ करावीत, की चिपलाच विचारावं?

धोटा_धागा
परवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलच्या मागाचा कंट्रोलर दुरुस्तीला आला. १६ एमबीची एसपीआय फ्लॅश, म्हणजे प्रोग्राम साठवणारी मेमरी चिप, गेलेली. जुनी चिप विनबॉन्डची डब्ल्यू२५क्यू१२८एफव्ही, बाजारात मिळाली तिचीच पुढची आवृत्ती, जेव्ही. पाय तेच, व्होल्टेज तेच, साइज तीच. इमेज (प्रोग्रामची अख्खी प्रत) चढवली, बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) उठला, आणि लिनक्स अडून बसलं : जेडेक आयडी, म्हणजे चिपचा ओळख क्रमांक, ओळखीचा नाही!

९एफ ही कमांड दिली की चिप तीन बाइट सांगते : कंपनी, प्रकार, क्षमता. जुनी सांगायची ईएफ ४० १८, माझ्या हाती आलेली सांगते ईएफ ७० १८. मधला एक बाइट वेगळा, आणि ४.४ कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा) चिप हाताळणाऱ्या ड्रायव्हरचं जे ओळखीच्या चिपांचं टेबल असतं, त्यात ती ओळ नाही. ओळ घालून कर्नल परत कंपाइल केलं. दोन दिवस माग उभा.

माझं स्पष्ट मत : हे टेबल बंदच करा. २०११ पासून एसएफडीपी आहे, म्हणजे चिपमध्येच भरलेला तिच्या माहितीचा तक्ता. ५ए कमांड दिली की साइज, इरेज ब्लॉक (एका वेळी पुसायचा तुकडा), क्वाड रीड (चार तारांवरून वाचणं) सगळं चिप स्वतः सांगते. माणूस समोर उभा असताना मतदार यादी कशाला चाळायची?

जुना_फर्मवेअर
काय मालक, समोरचा माणूस खरंच बोलतो हे धरूनच चाललात. एसएफडीपीतली माहिती भरतं कोण? चिपवालेच. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये फिक्सअप नावाची फंक्शनं आहेत, उघडून बघा. चिपने सांगितलेलं चुकीचं किंवा अर्धवट निघालं की ते दुरुस्त करायला ती लिहिलीत. जुन्या चिपांत तर एसएफडीपीच नाही, आणि आपल्याकडच्या मागांवर जुनेच बोर्ड आहेत. शिवाय ब्लॉक लॉक कसा करायचा हे एसएफडीपी सांगत नाही. बूटलोडरचा भाग राइट-प्रोटेक्ट ठेवायचा तर परत टेबलच.

धोटा_धागा
आणि आयडीच फसवतो त्याचं काय? डब्ल्यू२५क्यू२५६ घ्या. एफव्ही आणि जेव्ही, दोन्ही सांगतात ईएफ ४० १९. पण चार बाइटी पत्त्याच्या स्वतंत्र कमांडी सगळ्याच्या सगळ्या फक्त जेव्हीला कळतात. तीन बाइटांच्या पत्त्यात १६ एमबीपर्यंतच पोचता येतं आणि ही चिप त्याहून मोठी, म्हणून ही भानगड. एफव्हीला चार बाइटी मोडमध्येच टाकावं लागतं. मग लाइट जाऊन आली तर ठीक, पण वॉचडॉगने (अडकलेला प्रोसेसर परत सुरू करणारा टायमर) नुसता प्रोसेसर रीसेट केला तर चिप त्याच मोडमध्ये राहते, प्रोसेसरमधला बूट रॉम तीन बाइटांचा पत्ता पाठवतो, आणि बोर्ड मेल्यासारखा पडून राहतो. लिनक्सवाल्यांनी दोघांना वेगळं कशावरून ओळखलं? एसएफडीपी हेडरच्या आवृत्तीवरून!

जुना_फर्मवेअर
आणि ती तपासणी कोणत्या चिपवर करायची, हे कशावरून ठरलं? आयडीवरून. माझंच म्हणणं मांडलंत की.

नवी_पेठ_रिपेअर
तुमचं चालू द्या. माझ्याकडे पोरं येतात, आयडी एफएफ एफएफ एफएफ आला म्हणून ड्रायव्हरला शिव्या देत. तो आयडी नसतोय बे! बहुतेक वेळा चिपच्या पायांवर लावायची क्लिप नीट बसलेली नसते. आणि चिप वाचायला-लिहायला तो काळा सीएच३४१ए प्रोग्रामर बोर्ड घेतला असेल तर आधी मीटर लावा. सप्लाय ३.३ ला ठेवला तरी त्यातल्या बऱ्याच बोर्डांत डेटा लाइनवर ५ व्होल्ट निघतात. चिप जिवंत राहिली तर आयडीचं बोला.

धोटा_धागा
मीटर लावला होता, काका. 😄 बरं, टेबल बंद करा हे मागे घेतो. पण आयडी अनोळखी म्हणून दारातूनच परत पाठवू नका, एवढं तरी? आताच्या कर्नलमध्ये तसंच आहे : टेबलात सापडला नाही तर एसएफडीपी वाचून चिप चालवून बघतं.

जुना_फर्मवेअर
ते मान्य. पण तुमच्या मागवाल्याला ४.४ वरून हलवणार कोण? कर्नलचा सोर्स कोड तरी मिळाला का सरळ?

धोटा_धागा
दोन दिवसांतला दीड दिवस तो मागण्यातच गेला.