भूत समजून मारलं आणि चेटकीण म्हणून मारलं: दोघांना एकच माफी का?

आडवाट

१९५८ चा मे महिना, रात्रीची वेळ. ओरिसात बालासोर जिल्ह्यात रासगोविंदपूरला एक ओसाड विमानतळ होता. तिथलं भंगार विकत घ्यायला आलेला व्यापारी, त्याचा गुरखा नोकर आणि स्थानिक दोघं तिथून चालले होते. लांबवर एक दिवा वाऱ्याने लुकलुकत होता, भोवती आकृत्या हलत होत्या. इथे भुतं आहेत हे त्यांनी आधीच ऐकलेलं. नोकराने खुकरी उपसली आणि धावत जाऊन सपासप वार केले. किंकाळ्या ऐकल्यावर कळलं, त्या कंदील घेऊन मोहाची फुलं वेचायला आलेल्या आदिवासी बायका होत्या. एक मेली, दोघी जबर जखमी. तो सुटला, आणि १९६० मध्ये उच्च न्यायालयाने ती सुटका कायम ठेवली. आधार भारतीय दंडविधानाचं कलम ७९: वस्तुस्थितीबद्दलची प्रामाणिक चूक.

सुटका मला मान्य आहे. त्याच्या लेखी समोर माणूसच नव्हता.

पण हाच निकाल पुढे करून 'चेटकीण म्हणून मारलं, बिचाऱ्याची श्रद्धाच तशी' असं म्हणतात, तिथे माझं डोकं फिरतं. चेटकीण ठरवून मारणाऱ्याला ती बाई कोण, कुठे राहते, तिची मुलं किती, सगळं माहीत असतं. त्याची नजर चुकलेली नसते. त्याने तिच्यावर आरोप ठेवला, खटला चालवला आणि शिक्षाही दिली, सगळं एकट्याने. नजरेच्या चुकीला माफी द्या. न्यायाधीश बनून बसण्याला कसली?

पायरीचा दगड

आडवाट, कागदावर तुमची रेघ छान दिसते. पाटणा हायकोर्टाचा १९४३ चा बोंडा कुई खटला वाचा. मध्यरात्री एका बाईला एक आकृती नाचताना दिसते. पूर्ण नग्न, एका बाजूला झाडू बांधलेला, कमरेला फाटकी चटई. माणसं खाणारं काहीतरी आहे असं समजून तिने आधी स्वतःचे कपडे काढले, मग कुऱ्हाडीचे घाव घातले. पडलेली होती तिचीच जाऊ. बाई कलम ७९ खाली निर्दोष.

आता सांगा, ही नजरेची चूक का श्रद्धा? डोळ्यांना तर माणसासारखंच काहीतरी दिसत होतं. 'माणूस नाही' हे डोळ्यांनी नाही, श्रद्धेने सांगितलं. शिवाय कपडे काढले म्हणजे असल्या गोष्टीला कसं तोंड द्यायचं हे तिला ठाऊक होतं. तुमच्या रेघेवर ती नेमकी कुठे बसते?

दुसरं, कायदा म्हणतो ती 'वाजवी भीती' म्हणजे कुणाला वाजवी? १९५७ मध्ये न्यासालँडच्या, म्हणजे आजच्या मलावीतल्या, जॅक्सन खटल्यात ही बाई जादूने आपला जीव घेणार असं समजून एकाने तिला ठार केलं. कोर्टाने मोजपट्टी लावली ती इंग्लंडमधल्या रस्त्यावरच्या माणसाची! आफ्रिकेतल्या खेड्यात राहणाऱ्याने लंडनच्या माणसासारखं घाबरायचं. ह्याला न्याय म्हणायचं?

हलकंफुलकं

मग 'शेजाऱ्याने करणी केली म्हणून हप्ते थकले' हे बँकेला चालेल का? मित्रासाठी विचारतोय.

गावकूस

वकिली काथ्याकूट चालू द्या, पण झारखंडकडच्या प्रकरणांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. डायन कोण ठरते? विधवा, एकटी, आणि बऱ्याचदा नावावर जमिनीचा तुकडा असलेली. दीर-पुतण्यांची नजर त्या तुकड्यावर. मग घरात कुणी आजारी पडतं आणि ओझाकडे, म्हणजे तिकडच्या मांत्रिकाकडे, विचारायला जातात. गावातल्या दांडग्या सावकाराचं नाव ओझाच्या तोंडून निघालेलं कुणी ऐकलंय? श्रद्धा खरी असेल हो, पण ती बरोबर दुबळ्याच्याच दारात जाऊन कशी थांबते? २०२२ च्या राष्ट्रीय गुन्हे अहवालात जादूटोणा हे कारण असलेले ८५ खून नोंदलेत. त्यातले किती सात-बाराचे होते हे त्या रकान्यात कळत नाही.

माजी हवालदार

फौजेतला मुद्दा राहतोय. पहाऱ्यावर रात्री सावली हलली की जवान आधी ओरडतो, 'थम! कौन आता है?' भुतावर विश्वास असो वा नसो, ललकारल्याशिवाय गोळी नाही, हे अंगात मुरवतात. त्या खुकरीवाल्याने एक हाक मारली असती तर बाई वाचली असती.

युगांडात १९८६-८७ ला अंगात आत्मा येतो म्हणणाऱ्या अ‍ॅलिस लाक्वेनाचं सैन्य गोळी लागू नये म्हणून अंगाला शिया झाडाचं तेल चोळून लढायचं. आड घ्यायची नाही, उभ्यानेच चालत जायचं. गोळी लागली तर म्हणायचे, तू नियम मोडला असशील. म्हणजे मंत्र कधी चुकत नाही, मरणाराच चुकतो. असला हुकूम देणाऱ्याला मी श्रद्धाळू म्हणणार नाही. पोरांना पुढे काढायचं ते साधन होतं.

पायरीचा दगड

हवालदारसाहेब, हाकेचा मुद्दा बिनतोड, पण त्या खुकरीवाल्याच्या निकालात नेमकं उलट म्हटलंय. आणखी खबरदारी घेतली असती तर प्रसंग टळला असता, एवढ्यावरून संरक्षण काढून घेता येत नाही.

आणि युगांडा काढलंच आहे तर डॉमिनिक ओंगवेनचं काय करायचं? साधारण नऊ वर्षांचा असताना शाळेच्या वाटेवरून त्याला जोसेफ कोनीच्या बंडखोर सैन्याने पळवलं. कोनीच्या अंगात आत्मे येतात, त्याला मनातलं कळतं, पळालात तर समजेल, हे त्याच्या डोक्यात भरलं. पुढे तोच ब्रिगेडचा कमांडर झाला. आडवाट, ज्याला कोवळ्या वयात ही भीती पाजली, त्याला तुमच्या 'न्यायाधीश बनून बसण्या'त मोजणार?

आडवाट

मोजणार, आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानेही मोजलं. २०२१ मध्ये ६१ आरोपांत दोषी, २५ वर्षं. बचावाने मानसिक आजार आणि जबरदस्ती अशा दोन्ही सबबी मांडल्या होत्या. न्यायालयाने साक्षी पाहून म्हटलं की आत्म्यांची भीती नव्याने पळवलेल्या मुलांत जास्त असायची, वर्षं उलटली की ओसरायची. ओंगवेन कोनीचे हुकूम कधी कधी डावलतही होता. लुकोडी, अबोक, ओदेक इथल्या निर्वासित छावण्यांवर हल्ले झाले तेव्हा तो भेदरलेला पोरगा नव्हता, दुसऱ्यांच्या पोरांना भेदरवणारा अधिकारी होता. त्याचं बालपण विचारात घेतलं ते शिक्षा ठरवताना. माझं म्हणणं तेच आहे, श्रद्धेला जागा द्यायची तर तिथे द्या. दोषी की निर्दोष हे ठरवताना नको.

जबरदस्तीची सबब तर आपल्या जुन्या कलम ९४ मध्ये खुनाला लागूच नाही, समोर कुणी बंदूक रोखून उभा असला तरी. मग न दिसणाऱ्या आत्म्याला बंदुकीपेक्षा जास्त मान का?

जॅक्सनच्या मोजपट्टीबद्दल मात्र तुमच्याशी सहमत. ती लाजिरवाणीच होती. पण जागा बदलली की माणूस मारायची मुभा मिळते, हा त्यावरचा उतारा नव्हे. ज्या गावात चेटकीण मारतात, त्याच गावात ती बाईही राहते. तिची मोजपट्टी कुणी लावायची?

पायरीचा दगड

दक्षिण आफ्रिकेने १९३३ मध्येच मधला रस्ता काढला होता. मबोंबेला खटला. झोपडीत टोकोलोशी, म्हणजे त्यांच्याकडचं पिशाच्च, बसलंय असं समजून एका तरुणाने घाव घातला. निघाला नऊ वर्षांचा पुतण्या. खून नाही, पण हलगर्जीने मृत्यू, वर्षभराची सक्तमजुरी. शिक्षा आहे, फाशी नाही. हे मान्य?

गावकूस

मला मान्य. पोराला मारून त्याच्या पदरात जमीन पडणार नव्हती.

आडवाट

मलाही, कारण त्याला पुतण्या दिसलाच नाही. बोंडा कुईलाही मी सोडलं असतं. मात्र हवालदारांची हाक वाचल्यापासून त्या खुकरीवाल्याबद्दल तेवढ्याच खात्रीने बोलता येईना. बरोबर तिघं होते, घाई कशाची होती?

माजी हवालदार

घाई भीतीची असते. म्हणून तर हाक आधी शिकवतात.