मदत हवी आहे: हिऱ्याचा रिपोर्ट कसा वाचायचा?

होणाऱ्या वहिनीसाठी अंगठी बघतोय. नागपुरात इतवारीच्या सराफ्यात अर्ध्या कॅरटचे दोन गोल हिरे आवडले. एकाचा रिपोर्ट जीआयए या हिरे तपासणाऱ्या लॅबचा: रंग जी, क्लॅरिटी (आतून किती स्वच्छ) व्हीएस२, पण फ्लुरोसन्स (अतिनील प्रकाशात चमकणं) स्ट्राँग. दुसऱ्याचा आयजीआय या वेगळ्या लॅबचा: रंग एफ, व्हीएस१, फ्लुरोसन्स नाही, आणि तरी स्वस्त! दुकानदार म्हणतात, "भाऊ, कागद कोणाचाही असो, हिरा तर हिराच ना!" हे काही पटत नाही. रंगाच्या ग्रेडमध्ये डीकडून झेडकडे पिवळेपणा वाढतो, एवढं कळतं. पण दोन्ही लॅबची एफ ग्रेड सारखीच धरायची का? स्ट्राँग फ्लुरोसन्सने हिरा उन्हात दुधाळ दिसतो का? कडेवर लेझरने कोरलेला नंबर भिंगातून पाहिला, रिपोर्टशी जुळला. स्वस्तवाला लॅबमध्ये बनवलेला तर नसेल? ते रिपोर्टवर नेमकं कुठे लिहितात? नागपुरात दुकानाशी संबंध नसलेलं कुणी तपासून देतं का?