मदत हवी आहे: चेनसॉची नवी चेन लावूनही काप उजवीकडे वळतो

आगरवाडी: वादळात पडलेल्या हापूसच्या दोन खोडांचे ओंडके करण्याचे काम अर्धवट राहिले आहे आणि पाऊस तोंडावर आला आहे. चेनसॉ चार बोटे आत गेला की काप उजवीकडे वळतो, बार (चेन जिच्या कडेवरून फिरते ती पोलादी पट्टी) अडकतो आणि त्याची कड निळसर पडते. गेल्या आठवड्यात घातलेल्या नव्या चेनचे दात एका दिवसात बोथट झाले. बार बदलावा का, एवढेच कृपया सांगावे.

लाकूडवखार: बार किती इंची, पिच (चेनच्या दुव्यांमधले अंतर) किती, धार कोण लावते, बारला ऑइल पोहोचते का आणि खोड मातीवर आडवे आहे का, यातले काहीच आपण लिहिलेले नाही. एका बाजूचे दात आखूड असले किंवा बारची एक कड जास्त झिजली असली, तर काप वळतो. बार सपाट फरशीवर कडेने उभा करून पाहावा. कलला तर कड झिजलेली आहे.

जुनाट_इंजिन: मी बारा वर्षे गाडीतून काढलेले ऑइलच घालतो. बार ऑइलचा खर्च अनावश्यक आहे.

लाकूडवखार: हा सल्ला कृपया कोणी मानू नये. वापरलेल्या ऑइलमधला धातूचा बारीक कीस पंप आणि बार दोन्ही घासतो. निळसर कड म्हणजे कोरड्या घर्षणाने तापलेला बार. ऑइलचे छिद्र साफ करून, बारचे टोक पांढऱ्या कागदाजवळ, पण त्याला न टेकवता, धरून मशीन फिरवावे. कागदावर ऑइलची रेघ उमटली पाहिजे.

सह्यकडा: आंबा हा महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीतला वृक्ष आहे. परवानगी घेतली आहे ना?

आगरवाडी: परवानगीचे कागद झालेले आहेत, माझा प्रश्न तो नव्हता. बार १८ इंची, पिच .३२५ इंच, ड्राइव्ह लिंक (बारच्या खाचेत फिरणारे चेनचे दुवे) ७२. धार मीच ४.८ मिमी गोल कानशीने लावतो. खोड लाल मातीतच पडलेले आहे. छिद्र भुशाने बुजले होते, ते मोकळे केल्यावर रेघ उमटली, तरीही काप वळतोच.

लाकूडवखार: दात बोथट होण्याचे कारण ती माती आहे. साल धुऊन किंवा तासून मगच कापावे आणि ओंडक्याखाली आडवे लाकूड घालावे.

गोलकानस: काप वळणे नव्या चेनपासून सुरू झाले का? पिच आणि लिंकांची संख्या जुळली की चेन बसते, परंतु बारच्या १.५ मिमीच्या खाचेत १.३ मिमी गेजची (म्हणजे लिंकच्या जाडीची) चेन घातली, तर ती आत कलते आणि कितीही धार लावली तरी काप वाकडाच जातो. बारवर कोरलेला आकडा वाचा आणि लिंकची जाडी कॅलिपरने मोजा.

आगरवाडी: होय, जुनी चेन सरळ कापत होती. बारवर १.५ आहे, जुनी लिंक १.५ भरली आणि नवी १.३. दुकानात ‘हीच बसते’ म्हणाले आणि ती बसली, म्हणून मी मोजलेच नाही. योग्य चेन आणल्यावर हाच बार चालेल का?

गोलकानस: खाच अजून १.५ ची चेन घट्ट धरत असेल तर चालेल. सपाट कानशीने दोन्ही कडा समतल करा, कडेबाहेर आलेली धातूची कोर काढा आणि बार उलटा करून लावा. स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल चर पडला असेल तर तोही बदला, अन्यथा नवी चेनही लवकर झिजेल.