ट्राला लामधली बाटलीची बुचं

'डकटेल्स' या डिस्नेच्या कार्टून मालिकेतला ट्राला ला दरीचा भाग कुणी नुसता 'धमाल' म्हणून आटोपला, की ते मनाला लागतं. मूळ चित्रकथा डिस्नेचे चित्रकथाकार कार्ल बार्क्स यांची, १९५४ची. पैशांच्या कटकटीला विटलेले गडगंज श्रीमंत बदक स्क्रूजकाका पैसाच नसलेल्या दरीत जातात. तिथे त्यांच्या औषधाच्या बाटलीचं पत्र्याचं बूच एकाला सापडतं. एवढंसं बूच, पण आख्ख्या दरीत तसं दुसरं नाही! झालं, हाव सुटते. मग तोडगा म्हणून विमानातून बुचांचा पाऊस पाडतात, तर शेतंच्या शेतं त्याखाली गाडली जातात आणि बुचाला कुत्रंही विचारत नाही. चलनवाढ मला पहिल्यांदा इथे कळली, अर्थशास्त्राचं पुस्तक फार नंतर हाती आलं.