मदत हवी आहे : सासऱ्यांच्या सदराची जुनी कात्रणं

नमस्कार मंडळी, माझे सासरे सोलापुरातल्या एका साप्ताहिकात सदर लिहायचे. विषयाला धरबंध नाही. वाचलेलं पुस्तक, भागवत थिएटरला पाहिलेला पिक्चर, महापालिकेतलं राजकारण, गड्डा यात्रेची गर्दी. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर दर जानेवारीत एक लेख ठरलेला. तो जरा भाषणासारखा व्हायचा, खरं सांगते. खरी मजा टँकरपुढच्या घागरींच्या रांगेत चालणाऱ्या राजकारणावरच्या लेखांत आहे.

ही कात्रणं सासूबाईंनी गव्हाच्या खळीनं जुन्या खतावणीत चिकटवली. आता कागद तपकिरी झालाय, घडीवर बोट लागलं की तुकडा पडतो. काही ठिकाणी खळीवर कसर लागून अक्षरंच गेलीत. लॅमिनेशन नको, ते परत काढता येत नाही एवढं कळलंय. वही न उसवता वरून स्कॅन करून देणारं सोलापुरात किंवा पुण्यात कुणी आहे का? मोबाइलवर फोटो काढून गूगल ड्राइव्हमधून मजकूर उतरवला, पण जोडाक्षरांचा पार चुराडा होतो.

दुसरं, पुस्तक काढायचंय. सासरे साप्ताहिकात नोकरीला नव्हते, लेखी करारही नव्हता. म्हणजे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखांचे हक्क त्यांचेच ना? साप्ताहिक कधीच बंद पडलंय. लेखासोबतच्या व्यंगचित्रांसाठी परवानगी कुणाची घ्यायची?

हिराचंद नेमचंद वाचनालयात जुन्या अंकांची चौकशी करणारच आहे. आणखी कुठे विचारू?