जुनाट हिपॅटायटिस बी : निरोगी गटातही टी-रेग १२-१३ टक्के, चुकतंय कुठे?

मिरज_सूक्ष्मजीव
जुनाट हिपॅटायटिस बीच्या रुग्णांच्या रक्तातल्या नियामक टी-पेशी (टी-रेग, म्हणजे बाकी रोगप्रतिकारक पेशींना आवरणाऱ्या) मोजतोय. रक्त साताऱ्याहून एसटी पार्सलने येतं, ईडीटीए नळीत, बर्फाच्या डब्यात. फायकॉल (रक्तातल्या पेशी घनतेनुसार वेगळ्या करणारं द्रव) दुसऱ्या दिवशी सकाळी. फ्लो सायटोमेट्रीचं पॅनेल (पेशी ओळखण्याच्या खुणा) सीडी४, सीडी२५, फॉक्सपी३. सीडी४ पेशींपैकी रुग्णांत १४-१५ टक्के टी-रेग, निरोगी गटात १२-१३. व्हायरल लोडशी (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाशी) मेळ नाही. 'टी-रेग वाढले की विषाणू टिकतो' हे मग दिसत का नाही?

फ्लोवाला_सांगली
निरोगी माणसात साधारण ५ ते १० टक्के अपेक्षित. तुमच्या गेटात (मोजायच्या पेशी निवडायच्या चौकटीत) उपरे घुसलेत.

मुख्य उणीव सीडी१२७ या खुणेची. माणसाच्या साध्या टी-पेशी चेतल्या की त्याही सीडी२५ दाखवतात, आणि काही काळ फॉक्सपी३सुद्धा. सीडी२५ भरपूर पण सीडी१२७ कमी असा गेट धरा, त्यात फॉक्सपी३ बघा. एक रंग मोकळा असेल तर सीडी४५आरए घाला: सीडी४५आरए नाही आणि फॉक्सपी३ही कमी, अशा पेशी दाबण्याचं काम करत नाहीत, उलट सायटोकाइन (पेशींचे संदेश-रेणू) सोडतात. त्यांना मोजलंत की आकडा फुगणारच. सीडी२५ची रेघ नजरेने मारू नका. सीडी२५ सोडून बाकी सगळे रंग घातलेली नळी चालवा आणि तिच्यावरून ठरवा. मेलेल्या पेशी कुठलीही अँटिबॉडी चिकटवून घेतात, तेव्हा जिवंत-मृत रंग आणि पृष्ठभागावरचे रंग, पेशी फिक्स करण्याआधीच लावा.

आता तो बर्फाचा डबा. बंद करा! सबंध रक्त १८ ते २५ अंशांवर यायला हवं. थंडीने प्लेटलेट चेततात. रात्रभर पडलेल्या रक्तातले ग्रॅन्युलोसाइट घनता बदलून पीबीएमसीच्या (एककेंद्रकी पांढऱ्या पेशींच्या) थरात उतरतात. रक्तात तेवढंच पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) मिसळा, १.०७७ घनतेच्या फायकॉलवर हळू सोडा, सेंट्रिफ्यूज ४०० जी, ३० मिनिटं, २० अंश, ब्रेक बंद. फायकॉल फ्रिजमधून काढून लगेच वापरलं तर थर नीट बसत नाही. सकाळी काढलेलं रक्त दुपारच्या गाडीने सांगलीला पोचतं, त्याच संध्याकाळी फायकॉल उरका.

यकृत_कराड
गेट सुधारलात तरी व्हायरल लोडशी मेळ बसेलच असं नाही. रक्तातल्या टी-रेगबद्दलचे पेपर आपसातच जुळत नाहीत, कारण ई-अँटिजेन (विषाणूचं रक्तात सापडणारं एक प्रथिन) पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, एसजीपीटी (यकृताच्या इजेत वाढणारं एन्झाइम) नॉर्मल, वाढलेलं, सगळे रुग्ण एकाच टोपलीत. गट पाडा. एसजीपीटी आणि विषाणूचा डीएनए त्याच दिवशीच्या रक्तातले हवेत, मागच्या महिन्याचा रिपोर्ट चालत नाही.

शिवाय खरी लढाई यकृतात. तिथे टी-रेग आयएल-१०, टीजीएफ-बीटा आणि सीटीएलए-४ या दाबणाऱ्या रेणूंच्या जोरावर सीडी८ (बाधित पेशी मारणाऱ्या) पेशींना आवरतात. यात विषाणूचं फावतं, पण यकृतही वाचतं: उंदरांच्या तीव्र संसर्गाच्या प्रयोगात टी-रेग काढल्यावर विषाणूवर ताबा थोडा सुधारला, यकृताची इजा मात्र बरीच वाढली. म्हणून एसजीपीटी चढल्यावर टी-रेग वाढलेले दिसले, तर ते कारण की दाहाला मिळालेलं उत्तर, हे एका नमुन्यावरून सांगता येत नाही. टेनोफोविर किंवा एन्टेकाविर ही विषाणूरोधक औषधं सुरू झालेले रुग्ण वेगळे ठेवा. डीएनए उतरतो तसं चित्र बदलतं, जरी पेशीकेंद्रातला सीसीसीडीएनए (विषाणूचा टिकून राहणारा गोल डीएनए) तिथेच असतो.

मिरज_सूक्ष्मजीव
धन्यवाद सर. मग नुसतं मोजण्यापेक्षा सप्रेशन अ‍ॅसे (टी-रेग इतर टी-पेशींना किती दाबतात ती चाचणी) लावू का? २० मिली रक्त मिळतं.

फ्लोवाला_सांगली
हिशेब करा. २० मिलीतून सुमारे २ कोटी पीबीएमसी, त्यात ८० लाख सीडी४, त्यांच्या ५ टक्के म्हणजे ४ लाख टी-रेग. सॉर्टिंगनंतर निम्मे हाती लागले तरी नशीब. टी-रेग आणि साध्या टी-पेशींची १:१, १:२, १:४ अशी प्रमाणं तिहेरी लावायला जेमतेम. त्यात टी-पेशींना चेतवणारे अँटी-सीडी३/सीडी२८ मणी जास्त पडले की उत्तेजना एवढी होते की टी-रेग दाबूच शकत नाहीत, आणि निकाल 'काम करत नाहीत' असा खोटा येतो. मणी आधी निरोगी रक्तावर कमी-जास्त करून ठरवा.

त्यापेक्षा एलिस्पॉट (सायटोकाइन सोडणाऱ्या पेशी ठिपक्यांवरून मोजणारी चाचणी) परवडेल: पीबीएमसीचे दोन भाग, एकातून सीडी२५ पेशी चुंबकी मण्यांनी काढलेल्या, दोन्हींना विषाणूच्या कोअर प्रथिनाचे पेप्टाइड (तुकडे), विहिरीमागे २ लाख पेशी, इंटरफेरॉन-गॅमाचे ठिपके मोजा. सीडी२५ काढताना चेतलेल्या लढाऊ पेशीही जातात, त्यामुळे ठिपके वाढले नाहीत तर लगेच 'टी-रेगचा परिणाम नाही' असं लिहू नका. आणि या कामाला रक्त हेपारिनच्या नळीत मागवा.