स्पार्क प्लगच्या आधी पेट्रोलच्या नळीवरचा बल्ब बघा
बोटीचं आउटबोर्ड (मागे बाहेरून लावलेलं) इंजिन एका झटक्यात सुरू होतं, पण थ्रॉटल वाढवला की थोड्या वेळात बंद पडतं, असं वरच्या प्रश्नात लिहिलंय आणि उत्तर देणारे सगळे स्पार्क प्लग बदलायला सांगताहेत. मला तरी हा पेट्रोल कमी पोचण्याचा प्रकार वाटतो. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना? बंद असेल तर टाकीत व्हॅक्यूम धरतो आणि नळीवरचा रबरी बल्ब (हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा फुगा) चपटा होतो. तसं नसेल, तर इंजिन आचके देऊ लागताच कुणाला तरी बल्ब दाबत राहायला सांगा. त्याने सावरलं तर फ्युएल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) गेलाय किंवा नळीच्या जोडातून हवा शिरतेय. कार्बोरेटर खोलायची कटकट नंतर. आणि हो, चाचणी घेताना इंजिन पाण्याशिवाय कोरडं चालवू नका, इम्पेलरची (थंड करणारं पाणी खेचणाऱ्या रबरी चक्राची) वाट लागते.